ड वर्गातली भिंत

पहिल्यांदा ती लोकांच्या नजरेत भरली ती भिंतीला कान लावून उभी असताना. नव्या इमारतीतल्या आपल्या घराचा ताबा घ्यायला आलेलं एक जोडपं किल्ली हातात धरून दारात थबकलं होतं, आणि आत बैठकीच्या खोलीत एक मध्यमवयीन बाई बोटाच्या पेरानं भिंत वाजवत होती. डॉक्टर छाती वाजवून बघतात ना, तशी. टक टक. थोडं सरकून पुन्हा टक टक.

नवरा बायकोच्या कानाशी लागला. "आत कुणी राहतं की काय?"

"अजून तरी नाही," बाई मागे न वळताच म्हणाली. "पण इथं गिलावा सुटलाय. भिंतीचं आणि गिलाव्याचं पटत नाहीये. संसार सुरू करायच्या आधी मिटवलेलं बरं."

त्या दिवसापासून तिला टकटकमावशी हे नाव पडलं. आधी पोरांनी ठेवलं, मग मोठेही तेच म्हणू लागले. तिला ते कळत होतं आणि तिची काही हरकत नव्हती. ऑफिसात तिला ताई म्हणत, आणि बिल्डरच्या ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला लोक याहून वाईट नावं ठेवतात हे ती जाणून होती.

तिचं काम सांगायला सोपं, करायला कठीण. घराची किल्ली दिल्यानंतरही काही वर्षं घरात काही बिघडलं तर ते बिल्डरनं नीट करून द्यायचं असतं. पण त्याआधी ठरवावं लागतं, की बिघाड कसला आणि कुणामुळे. ते ठरवणारी ही. तिच्याकडे चार वर्ग होते. खांब, तुळई, स्लॅब यांना तडा गेला किंवा बाहेरचं पाणी घरात आलं, तर अ. दार लागत नाही, फरशी पोकळ वाजते, न्हाणीघराचा उतार उलटा, म्हणजे कारागिरानं हात राखून काम केलं, तर ब. नुसतं डोळ्याला खुपत असेल तर क. त्यासाठी रंगारी सवडीनं येई, म्हणजे बहुतेक येतच नसे. आणि राहणाऱ्यांच्या स्वतःच्या करणीनं झालं असेल, तर ड. ड मिळाला की बिल्डरनं हात झटकले.

"आमच्या स्वयंपाकघराला काय दिलंत?" जिन्यात कुणीतरी विचारी.

"ब."

"चला, पास झालं म्हणायचं."

"पास नाही हो. तुमचं स्वयंपाकघर पुन्हा परीक्षेला बसणार आहे."

असं हसतखेळत चाले, पण घरी जाताना तिच्या कपाळावर आठी असे. तिनं अ दिला की साहेब म्हणत, "ताई, पगार आपण कुणाकडून घेतो?" आणि ड दिला की घरमालक म्हणत, "पगार कुणाचा खाता ते कळलं." आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी तिची गत. लग्न तिनं केलं नव्हतं. का, असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणे आणि विषय बदले. भाड्याच्या दोन खोल्यांत ती एकटी राही. तिथल्या भिंती मात्र तिनं कधी वाजवून पाहिल्या नाहीत. "मालकाच्या आहेत, मालक बघेल," म्हणे.

सगळ्यात जास्त भांडणं ड वरून होत, आणि त्यातही ओल आलेल्या भिंतींवरून. कोपऱ्यात काळपट डाग पडतात, रंगाला फुगे येतात. पाणी बाहेरून भिंतीत मुरलं असेल, तर चूक बिल्डरची. पण कपडे घरातच वाळवले, खिडक्या बंद ठेवल्या, तर घरातल्या हवेचीच ओल थंड भिंतीवर जमते आणि डाग अगदी तसेच दिसतात. आता हे ओळखायचं कसं? तिनं एक साधी रीत घालून दिली होती. डागावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघायचं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असले, तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला असले, तर ओल खोलीतली. वाद संपला. ही रीत तिनं सगळ्या ऑफिसला शिकवली आणि तिचा तिला, म्हटलं तर, अभिमान होता. कुणी फारच हुज्जत घालू लागलं तर ती म्हणे, "भिंत स्वतःच सांगतेय. मी कोण सांगणारी?"

अशात तिच्या मोठ्या भावानं त्याच बिल्डरच्या तिसऱ्या इमारतीत घर घेतलं. घेतलं ते तिच्याच शब्दावर. "दादा, डोळे झाकून घे. त्या इमारतीचा प्रत्येक खांब मी पाहिलाय," असं ती म्हणाली होती. दादानं आयुष्यभराची पुंजी ओतली, वहिनीनं पडदे शिवले, आणि आतली छोटी खोली आईला मिळाली. आईला उभ्या जन्मात स्वतःची अशी खोली पहिल्यांदाच मिळत होती. पहिल्याच दिवशी तिनं दार आतून लावून घेतलं आणि बराच वेळ उघडलंच नाही. सगळे घाबरले. ती आत नुसती बसली होती. "बघत होते, कसं वाटतं ते," म्हणाली.

पुढच्या पावसाळ्यात त्या खोलीची पलंगाकडची भिंत काळवंडली. आईचा खोकला बळावला. दादानं पलंग हॉलमध्ये आणला, आणि आईची खोली गेली. हॉलमध्ये दादाचा टीव्ही. तो बंद होईपर्यंत आई भिंतीला टेकून पेंगत बसे आणि कुणी आलं की अंगावरची चादर सावरत उठे.

नात्यातल्या घराची तपासणी आपण करायची नाही, असा ऑफिसचा नियम होता, आणि तो तिला पटलेलाही होता. म्हणून ऑफिसातले तिचे एक सहकारी गेले. हे गृहस्थ चपला न काढता उंबऱ्यातूनच वर्ग देतात, म्हणून ऑफिसात त्यांना दारातले काका म्हणत. पण या वेळी ताईचं माहेर म्हणून ते आत गेले, नियमाप्रमाणे प्लास्टिक लावलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि वर्ग दिला. ड.

वहिनीचा फोन आला तेव्हा ती जेवत होती.

"वन्सं, आम्ही घाणेरडे आहोत का?"

"कोण म्हणालं?"

"तुमचं ऑफिस म्हणालं. आम्ही म्हणे खिडक्या उघडत नाही. अहो, तुमचे दादा घोरतात म्हणून मी बारा महिने खिडकी उघडी ठेवते. निदान अर्धा आवाज तरी बाहेर जावा! आणि कपडे घरात वाळवायला आम्हाला काय वेड लागलंय? गच्ची कशाला आहे?"

रविवारी ती दादाकडे गेली. नियम बाजूला ठेवून तिनं स्वतः प्लास्टिक लावलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर येऊन पाहिलं. थेंब बाहेरच्या बाजूला. आतून कोरडं ठणठणीत. काका बरोबर होते.

"दादा, ही खोलीतलीच ओल आहे," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत शेकडो लोकांना म्हणाली असेल तितक्याच शांतपणे म्हणाली. आणि दादाचा चेहरा पाहिल्यावर तिला कळलं, की त्या शेकडो लोकांना तो शांतपणा कसा लागला असेल.

"म्हणजे आई श्वास घेते, म्हणून भिंत भिजते?"

"असं नाही रे—"

"मग कसं? सांग ना. तू शिकवतेस ना ऑफिसला! तुझ्या भिंती तुझ्याशी बोलतात. मला तर तू म्हणाली होतीस, डोळे झाकून घे. घेतलं. आता उघडले, तर हे!"

आई हॉलमधून म्हणाली, "हळू बोला रे. भिंतीला कान असतात म्हणतात, हिच्या भिंतीला तर तोंडही आहे."

त्यानंतर ती रोज ऑफिसहून परस्पर तिकडे जाऊ लागली. करण्यासारखं काही नव्हतं. खिडकी उघडी आहे का बघे, डाग बघे, उसासा टाके. दादा तिच्याशी बोलत नव्हता. आई मात्र दुपारी हट्टानं आपल्या खोलीत जाऊन, भिंतीकडे तोंड करून, सतरंजीवर पडे. तिथं पडल्या पडल्या तिला एक चाळा लागला होता. रंगाला आलेले फुगे ती नखानं फोडायची आणि त्यांचे पोपडे सोलायची. पलंग होता तिथं चांगला परातीएवढा भाग तिनं सोलून उघडा केला होता.

"आई, हे काय केलंस?"

"मग काय करू? तुमचा टीव्ही बघू?"

लेकीनं कपाळाला हात लावला. आता डागात आणखी डाग. पण वहिनीनं पुन्हा एकदा प्लास्टिक लावून बघायची गळ घातली होती, "माझ्या मनाच्या समाधानासाठी" म्हणून, आणि आधीच्या तुकड्याच्या शेजारी जागा उरली होती ती ही सोललेलीच. तिनं तिथं दुसरा तुकडा लावला. जुना होता तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं पाहिलं आणि ती मटकन खाली सतरंजीवर बसली. भिंत एकच, हातभर अंतरावर दोन तुकडे. रंगावरचा तुकडा बाहेरून दमट आणि आतून कोरडा. सोललेल्या जागेवरचा तुकडा आतून थेंबांनी इतका भरलेला, की ओघळ खालच्या चिकटपट्टीपर्यंत आले होते.

भिंत खोटं बोलत नव्हती. तिचं तोंड दाबलेलं होतं.

पहिल्या इमारतीत साधा, पाण्यात कालवलेला रंग होता. भिंतीतलं पाणी त्यातून बाहेर येई आणि प्लास्टिकखाली जमे. तिची रीत त्या भिंतींवर बसवलेली, आणि तिथं ती बरोबरच होती. पुढे ग्राहकांनी मागितला म्हणून दुसऱ्या इमारतीपासून बिल्डरनं धुता येणारा, तेलकट, जाड रंग लावायला सुरुवात केली. त्यातून पाणी बाहेर येत नव्हतं. ते आतल्या आत मुरून, रंगालाच फुगवून, डाग पाडत होतं. वर लावलेलं प्लास्टिक आतून कोरडं राहणारच होतं! वर ती गार पडलेली भिंत खोलीतली थोडीफार ओल ओढून घेणार, म्हणून थेंब बाहेर. म्हणजे ओल आलेल्या घराला, भिंत कितीही भिजलेली असली तरी, ड मिळायचाच. रंग बदलला तेव्हा रीत बदलायला हवी, हे एकाही माणसाला सुचलं नव्हतं. रंगाचं खातं वेगळं, तपासणीचं वेगळं. आणि तिनं स्वतः प्रत्येक रंगीत भिंतीवर हात फिरवला होता, वाजवली होती, 'छान गुळगुळीत आहे' म्हणून कौतुकही केलं होतं.

"काय गं, चक्कर आली का?" आईनं विचारलं.

"नाही. चूक सापडली."

"कुणाची?"



दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या इमारतीत ओलीसाठी दिलेला प्रत्येक ड परत तपासायचा, रंग खरवडून प्लास्टिक लावायचं, आणि पाऊस आत शिरतो ते खिडक्यांखालचे बाहेरचे सांधे उघडून बघायचे, असं तिनं एका दमात सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते. फक्त त्यांना रक्तदाब होता.

"ताई, बसा. पाणी घ्या. तुमच्या आईंची खोली आहे ना? उद्या माणसं पाठवतो. बाहेरून सांधा भरून घेऊ, आतून रंग. वर्ग बदलायची गरज नाही. आपल्या माणसाचं काम म्हणून करून टाकू."

"आणि दादाच्या वरच्या मजल्यावरच्यांचं?"

"ते बोंबललेत का?"

"बोंबलले होते. मीच त्यांना गप्प केलंय."

"मग झालेलं उकरू नका. इमारतीच्या भिंती खरवडायला निघालात, तर उद्या लोक माझी कातडी खरवडतील."

ती उठली नाही. साहेबांनी पंखा वाढवला, फोन घेतला, फोन ठेवला. ती बसूनच होती. शेवटी ते वैतागून म्हणाले, "बरं बाई! ज्यांची नव्यानं लेखी तक्रार येईल, मालकाच्या सहीनं, त्यांचीच भिंत खरवडून बघा. ज्यांची येणार नाही, त्यांच्याकडे ढुंकून बघायचं नाही. आणि आईंचं उद्या करून घेताय ना?"

"नको. आईचीही रांगेतूनच येऊ दे," ती म्हणाली. "नाहीतर माझ्यावर कोण विश्वास ठेवील?"

ऑफिसच्या बाहेर आल्यावर तिला वाटलं, आपण जिंकलो. ते वाटणं दुसऱ्या इमारतीच्या जिन्यापर्यंत टिकलं.

ज्या दारांतून तिनं ड दिला होता, त्याच दारांची घंटा आता वाजवायची होती. पहिल्या घरातल्या आजोबांनी साखळी न काढताच फटीतून तिचं बोलणं ऐकलं. "अहो बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही थंडीत खिडक्या उघड्या ठेवून झोपायची सवय लावली. हिला सांधेदुखी जडली. आणि आता म्हणता, भिंतच चुकली?"

"भिंत नाही, मी चुकले."

"मग तुम्हीच उघड्यावर झोपा आता," म्हणत त्यांनी दार लावलं.

दुसरीकडे डागापुढे कपाट उभं केलेलं. त्या बाई म्हणाल्या, "कपाट हलवायला चार माणसं लागतात. डाग दिसत नाही, आम्ही सुखी आहोत. कशाला सुखातला जीव दुःखात घालता?" तिसरीकडे एक तरुण नवरा आपल्या बायकोकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? वर्षभर तुझ्या ओल्या टॉवेलांवरून मी भांडतोय!" त्यावर बायकोनं जे डोळे वटारले, ते बघून टकटकमावशीनं काढता पाय घेतला. एका घरात मात्र तिचं म्हणणं संपायच्या आत बाईंनी कागद-पेन आणलं आणि विचारलं, "काय लिहायचं? 'आम्ही घाण नाही' असं लिहिलं तर चालेल?"

"तेवढंच नका लिहू. भिंतीचंही लिहा."

असं करत करत, नाकी नऊ आले तेव्हा, तक्रारी येऊ लागल्या. एकाचं पाहून दुसऱ्याची. आजोबांचीही आली, त्या कागदात तक्रार कमी आणि टकटकमावशीवर तोंडसुख जास्त होतं. तिनं ती जशीच्या तशी घेतली. भिंती खरवडल्या गेल्या, प्लास्टिक लागलं, आणि एकामागून एक ड खोडून तिनं स्वतःच्या हातानं अ लिहिला. तिसऱ्या इमारतीच्या बाजूला बांबूंची परांची बांधली गेली.

फक्त एका घराची तक्रार येत नव्हती.

"साहेब स्वतःहून करून देत होता, आणि तू नको म्हणालीस?" दादाचा विश्वासच बसेना. "वन्सं, खरंच?" वहिनी म्हणाली आणि खुर्चीत बसली.

"दादा, दोन ओळी लिहून दे. रांगेत तुझा नंबर लावते. बस्स, तुझी सही."

"मी सही करणार नाही."

"अरे, पण का?"

"एकदा तक्रार केली, तर तुझ्या ऑफिसनं मला गलिच्छ ठरवलं. तू स्वतः येऊन ठरवलंस, या खोलीत उभी राहून. आता पुन्हा अर्ज करू? सख्ख्या बहिणीकडे? मालकाच्या सहीनं? तुला करायचंय तर कर, नाही तर राहू दे. दादाला दारात उभं करू नकोस."

"मग वहिनी, तुम्ही लिहा."

"घर त्यांच्या नावावर आहे," वहिनी म्हणाली. "माझ्या नावावर फक्त स्वयंपाकघर आहे."

ती विनवून थकली, चिडून थकली. एकदा तर म्हणाली, "तुझा अहंकार मोठा की आईचा खोकला?" त्यावर दादा म्हणाला, "हे तू तुझ्या आरशाला विचार. साहेबाला नको म्हणताना तुला आईचा खोकला आठवला का?" आठवला होता, आणि तरीही ती नको म्हणाली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आईनं हे सगळं हॉलमधल्या पलंगावर बसून ऐकलं. "दोघंही लहानपणी अशीच," ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली. "याचं खेळणं मोडायचं, आणि ही दुरुस्त करून द्यायला गेली, की हा म्हणायचा, आधी मोडलंस हे कबूल कर. ही कबूल करायची, तरी हा घ्यायचा नाही. तुमचं ठरेपर्यंत मी इथंच टीव्हीसमोर जायची."

"आई, असं काय बोलतेस!" दोघं एकदम म्हणाली. त्या महिन्यात ती दोघं एकमताची झाली ती तेवढीच.

त्याच आठवड्याच्या शेवटी लेकीनं आईची पिशवी भरली. दादा आतल्या खोलीत होता. बाहेर आला नाही. वहिनीनं आईची औषधं, तिची उशी आणि सोबत दोन पडदे दिले. "तुमच्याकडे खिडकीला काही नसतं, मला माहिताय," ती म्हणाली.

तिसऱ्या इमारतीच्या बाहेर काम अजून चालू आहे. कारागीर परांचीवरून एकेका खिडकीखालचा सांधा उघडतात, भरतात आणि पुढे सरकतात. दादाच्या खिडकीपाशी आले, की हातातल्या यादीत बघतात आणि तशीच सोडून वर जातात. टकटकमावशी खालून बघत असते. मुकादम तिला विचारतो, "ताई, ही मधलीच का सोडायची?" ती सांगते, "मालकाची सही नाही." वहिनी मधूनमधून फोन करते; दादा करत नाही.

आई आता लेकीकडे, भाड्याच्या घरात असते. आतली खोली तिची आहे, आणि ती दुपारी दार आतून लावून घेते. लेक बाहेरच्या खोलीत जमिनीवर गादी घालून झोपते आणि सकाळी गुंडाळून त्याच ऑफिसला जाते.